मालकाच्या हातचा पाना

जनार्दनशेठनी त्या महिन्यात तिसऱ्या माणसाला कामावरून काढलं, तेव्हा त्यांच्या मुलाने, बाळारामने, मला घरी बोलावून घेतलं.

काढलेला माणूस लूमवरचा नव्हताच. तो ठाण्याच्या एका ब्युरोतून आलेला, शेठना सांभाळणारा माणूस होता. पांढरा शर्ट, बारा तासांची ड्युटी, दिवसाला दोनशे रुपये. शेठ त्याला कारागीर समजायचे. सकाळी तो अंघोळीला न्यायला आला की विचारायचे, "लूम कुणावर सोडून आलास?" त्याने सांगावं, "बाबा, मी लूम चालवत नाही." झालं. "मग पगार कसला घेतोस? हा घे तुझा हिशोब, नीघ." आणि खिशातून शंभराची नोट काढून खरोखर त्याच्या हातावर ठेवायचे.

पहिले दोघे वैतागून पळाले. तिसरा हुशार निघाला. तो रोज हिशोब घ्यायचा, पुढच्या दाराने बाहेर पडायचा आणि मागच्या दाराने पुन्हा ड्युटीवर यायचा. आठ दिवसांत पगाराच्या वर त्याचे आठशे रुपये झाले. बाळारामच्या बायकोने, भारतीने, ते पकडलं. मग तो खरोखरचा गेला.

मी गणपत. जॉबर. पॉवरलूमच्या धंद्यात कापड विणतो तो कारागीर, हिशोब लिहितो तो मेहता, आणि बिघडलेला लूम दुरुस्त करतो तो जॉबर. शाळा माझी चौथीत सुटली. पण भिवंडीत कामतघरच्या कुठल्याही शेडबाहेर उभा राहून, आत न बघता, किती लूम चालू आहेत आणि त्यातला आजारी कुठला, ते मी सांगत असे. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो. जनार्दनशेठच्या शेडमध्ये मी एकतीस वर्षं काढली. चोवीस लूम होते. धंदा बसला तेव्हा बाळारामने वीस लूम किलोच्या भावाने भंगारात घातले. उरलेले चार टेम्पोत मावले नाहीत म्हणून राहिले. मीही टेमघरला घरी बसलो. वय झालंच होतं. फक्त ते दुसऱ्याने बोलून दाखवलेलं मला चालत नाही.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट आहे.

बाळाराम गोडाऊनची दलाली करायचा. वळ गावाकडे त्यांची वडिलोपार्जित शेती होती, तिथे आता पत्र्याची मोठी गोडाऊनं उभी होती. हिशोबाला माणूस पक्का. मी गेलो तेव्हा त्याने ट्रान्सपोर्टच्या एका पावतीच्या मागे सगळं लिहून ठेवलं होतं.

"काका, बाबांना डिमेन्शिया झालाय."

"म्हणजे?"

"विसरण्याचा आजार. वेड नाही. मेंदू झिजतो. बरा होत नाही, वाढतच जातो. आता हे बघा." त्याने पावती माझ्यापुढे सरकवली. "दिवसाचा माणूस सहा हजार. रात्रीचा माणूस सहा हजार. औषधं अडीच हजार. ठाण्याचा डॉक्टर, गाडी धरून, दर वेळी हजार. परवा त्यांनी टीव्ही मोरीत धुतला. तो वेगळा. शेड भाड्याने दिली तर दहा हजार येतील, पण द्यायची कशी? रोज सकाळी ते तिथंच जाऊन बसतात."

मी पावती नीट वाचली. आकडे मला कळतात.

"यात सूनबाईंचं काहीच दिसत नाही."

"भारतीचं काय?"

"बालवाडीत शिकवायला जायच्या ना?"

"सोडली नोकरी. अकराशे रुपये तर मिळायचे." बाळाराम म्हणाला, "ती काय, घरचीच आहे."

भारती दारात उभी होती. तिच्या हातात शेठचं धोतर होतं. त्या दिवसातलं तिसरं.

पण खरी युक्ती तिचीच होती. शेठ रोज शेडकडे जायचे. तिथं शांत असलं की ते थांबायचे नाहीत. रस्त्यावर येऊन येईल-जाईल त्याला विचारायचे, "लाइट गेली का? संप झाला का?" आणि मग चालत सुटायचे. एक दिवस मात्र ते शेजारच्या चालू शेडच्या पायरीवर जाऊन बसले. चार तास हलले नाहीत. भारतीने डबा नेला तो सगळा जेवले. तिने ते बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "माणसं कशाला आणता? लूम चालू करा."

बाळारामने त्याचाही हिशोब काढून ठेवला होता. चार लूम, एक कारागीर, सूत, लाइट. निघालेलं कापड बाजारात विकायचं. चार लूमवर कुणाचंच पोट भरत नाही, तोटा होणारच. पण तो महिन्याला चार-पाच हजार. ब्युरोची दोन माणसं बारा हजार.

"म्हणजे सगळ्यात स्वस्त आया म्हणजे पॉवरलूम," मी म्हणालो.

"तसंच समजा. तुम्हाला साडेचार हजार देतो. फक्त आवाज आला पाहिजे."

"आवाज कसला? कापड आलं पाहिजे. खोटा कारखाना मी चालवणार नाही. माझ्या हाताखालून ताका निघाला तर तो बाजारात उभा राहिला पाहिजे."

ताका म्हणजे लूमवरून उतरलेलं अखंड कापड. एका ताक्याला जॉबरची अब्रू चिकटलेली असते. बाळारामने मान डोलावली. त्याला काय, हो म्हणायला पैसे पडत नव्हते.

चारही लूम मी आठ दिवसांत उभे केले. कारागीर म्हणून इसरारला आणलं, आजमगढकडचा, जुना माणूस. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि शेठ रस्त्यावरून येताना दिसले. आवाज ऐकून त्यांची चाल बदलली. पाय ओढत येणारा माणूस छाती काढून आत शिरला आणि केबिनमध्ये जाऊन आपल्या खुर्चीवर बसला. मला म्हणाले, "गणपत, उशीर झाला आज. सूत आलं का?"

मला ओळखलं. मुलाला ओळखत नव्हते. बाळाराम आला की ते त्याला कापडाचा दलाल समजायचे. दर शनिवारी तो आला की भाव करायला बसायचे. "मीटरला पंचवीस पैसे वाढवून दे, नायतर जा. माझा माल पडून न्हाय." बाळाराम दोनदा गंमत म्हणून हो म्हणाला. तिसऱ्या शनिवारी शेठनी आगाऊ पैसे मागितले. ते द्यावे लागले. ते पैसे शेठनी कुठे ठेवले, ते आजवर सापडलेलं नाही.

शेठच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पण हात तसाच होता. ताका टेबलावर पसरला की तळहात फिरवत जायचे. ताण्यातला एक उभा धागा तुटला आणि कारागिराचं लक्ष नसलं, तर कापडात केसाएवढी उभी रेघ पडते. डोळ्यालाही ती पटकन दिसत नाही. शेठचा हात तिथं थांबायचा. "हा काय? इसरारला बोलाव." सकाळी आपण जेवलो की नाही ते त्या माणसाला सांगता येत नव्हतं. तुटलेला धागा सांगता येत होता. डॉक्टरला विचारलं तर डॉक्टर म्हणाला, असं असतं. ह्या असं असतंला त्याने हजार रुपये घेतले.

तीन महिने बरे गेले. दिवसभर आवाजात बसायचे, संध्याकाळी दमून घरी जायचे, रात्रभर झोपायचे. भारती दुपारी एक तास आडवी व्हायला लागली. मग उन्हाळा लागला आणि लोडशेडिंग वाढलं.

तेव्हाच्या भिवंडीत लाइट जाणं ही बातमी नव्हती, टाइमटेबल होतं. दुपारी लाइट जायची ती तीन-तीन तास. सगळं कामतघर एकदम गप्प. आणि गप्प झालं की शेठ उठायचे. केबिनचं दार, मग शेडचं दार, मग रस्ता. मी आणि इसरार दोन्ही बाजूंनी धरून परत आणायचो. शेठ आम्हाला म्हणायचे, "संपवाल्यांनो, सोडा मला."

जनरेटर विचारला. भाडं आणि डिझेल धरून त्याचा खर्च ब्युरोच्या माणसांपेक्षा जास्त. बाळारामने दोन दिवस डोकं खाजवलं आणि घरातला टेपरेकॉर्डर घेऊन आला.

"काका, लूम चालू असताना आवाज भरून ठेवा. लाइट गेली की सेलवर लावा. सहा सेल, महिनाभर पुरतील."

"लूमचा आवाज टेप करतात का कधी?"

"बाबांना दिसत तर नाही. केबिन बंद, मध्ये भिंत. त्यांना ऐकायलाच येतं."

मला ते पटलं नव्हतं, हे मी इथं लिहून ठेवतो. पण शेठना रस्त्यावर धरायला मला त्याहून जास्त लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही लूम चालू असताना मी टेप मध्ये स्टुलावर ठेवला, लाल बटण दाबलं. तेवढ्यात चहा आला. मी चहा प्यायला बाहेर गेलो. परत आलो तोवर कॅसेटची एक बाजू भरली होती. अर्धा तास.

दुपारी लाइट गेली. केबिनमध्ये शेठची खुर्ची करकरली. इसरारने टेप लावला. खुर्ची परत करकरली आणि थांबली. इसरारने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी केबिनमध्ये जाऊन शेठसमोर बसलो. शेठ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले,

"तीन नंबरचा पट्टा ढिला हाय."

इथं थोडं समजावून सांगतो. साध्या लूममध्ये धोटा असतो. आडवा धागा पोटात घेऊन तो इकडून तिकडे धावतो. त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी दांडा फटका मारतो, आणि त्या दांड्याला चामड्याचा पट्टा असतो. पट्टा घट्ट असला की दोनच आवाज. खट इकडे, खट तिकडे. ढिला झाला की मध्ये तिसरा आवाज येतो. फट. बाहेरच्या माणसाला सगळा एकच खडखडाट. आम्हाला तो तिसरा आवाज दातात खडा आल्यासारखा लागतो.

आणि तो होता. सकाळी तीन नंबरचा पट्टा सैल झाला होता, मला माहीत होतं. म्हटलं, चहा पिऊन आवळू. चहा पिऊन आवळलाही. पण तो फट आता कॅसेटमध्ये जाऊन बसला होता.

"बघतो शेठ," मी म्हणालो. उठून शेडमध्ये गेलो, बंद लूमवर पान्याने दोनदा ठोकलं आणि परत आलो. "आवळला."

शेठनी ऐकलं. "न्हाय आवळला."

पुन्हा गेलो, पुन्हा ठोकलं. इसरार कपाळाला हात लावून बसला होता. म्हणाला, "चाचा, मशीन बंद पड़ी है और सेठ बोलते हैं ढीली चल रही है. अब बंद मशीन को कितना कसोगे?"

"टेप बंद कर."

"बंद करूँ तो सेठ उठेंगे."

तेही खरं होतं. बंद केला तर शेठ रस्त्यावर, चालू ठेवला तर पट्टा ढिला. अर्ध्या तासाने कॅसेट संपली. इसरार ती मागे फिरवत होता तेवढ्या वेळात मी शेठना सांगितलं, "फ्यूज गेला होता, घातला." पुन्हा सुरू. खट, खट, फट.

"गणपत."

"जी शेठ."

"सकाळपासून सांगतो. एक पट्टा आवळायला तुला किती वेळ लागतो?"

आता मी काय सांगावं? मी म्हणालो, "शेठ, पट्टा बरोबर आहे. तुमच्या कानाला तसं वाटतंय."

हे मी बोलायला नको होतं. शेठ उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम वीस वर्षांपूर्वीचा झाला.

"माझ्या कानाला? माझ्या शेडमध्ये माझ्या कानाला? पाना ठेव टेबलावर."

आमच्या शेडची एक रीत होती. जॉबर कामाला लागला की शेडचा मोठा पाना मालक स्वतःच्या हाताने त्याला द्यायचा. मेहताने दिलेला चालायचा नाही, मुलाने दिलेला चालायचा नाही. काम सुटलं की जॉबरने तो मालकाच्या टेबलावर ठेवायचा. कागद नाही, सही नाही. तीच नेमणूक, तोच राजीनामा. एकतीस वर्षं तो पाना माझ्याकडे होता. लूम बंद झाले तेव्हासुद्धा शेठनी तो मागितला नव्हता.

मी पाना टेबलावर ठेवला आणि चालत टेमघरला घरी आलो.

संध्याकाळी बाळारामचा शेजारच्यांच्या फोनवर फोन. "काका, असं काय करता? त्यांना उद्या सकाळी आठवणार पण नाही."

"मला आठवतंय ना."

"अहो, आजारी माणूस आहे तो!"

"मालक आहे. मालकाने काढलं म्हणजे काढलं. तुझ्या टेपचं काहीतरी बिघडलंय, माझ्या पट्ट्याचं नाही."

आमच्या मंडळींनी भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. त्यांचं नाव सीता. त्या म्हणाल्या, "विसरभोळा मानूस कामावरून काढतो आन शाना मानूस घरी येऊन बसतो. मंग दोघांत औषधाची गरज कोनाला हाय?"

आठ दिवस जो विचारेल त्याला मी टेपचा दोष सांगितला. माझा नाही.

जॉबर नाही म्हणजे लूम किती दिवस चालणार? चारातले दोन पाचव्या दिवशी अडकले. त्याच दुपारी लाइट गेली, इसरार एकटा, आणि शेठ निसटले. रिक्षात बसून पत्ता अगदी बरोबर सांगितला आणि थेट वळला गेले, आपल्याच जमिनीवरच्या गोडाऊनमध्ये. तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा ट्रक भरून निघायच्या तयारीत उभा होता. शेठनी हमालांना हुकूम सोडला, "माल खाली करा. तपासल्याशिवाय जाणार न्हाय." हमालांनी जमिनीचे मालक ओळखले. मालक सांगतो म्हणजे असेल काहीतरी. त्यांनी अख्खा ट्रक उतरवला. शेठनी खुर्चीमागून खुर्चीवर तळहात फिरवला आणि अकरा खुर्च्या खराब म्हणून बाजूला काढल्या.

बाळाराम पोचला तोवर ट्रक रिकामा होता. उतरवायची हमाली, परत भरायची हमाली, ट्रक अडकला त्याचे पैसे आणि रिक्षावाल्याचं वेटिंग, सगळं मिळून तीन हजार आठशे. मला मागाहून कळलं की त्या अकरा खुर्च्यांना खरंच चिरा होत्या. पण त्याचं श्रेय कुणी दिलं नाही.

दोन दिवसांनी भारती माझ्या घरी आली. एकटीच. पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली,

"काका, सोमवारी बाबांना कर्जतकडं नेऊन ठेवणार हायत. अशा लोकांसाठीची जागा हाय तिथं. एक लाख डिपॉझिट, महिना चौदा हजार."

"चौदा हजार? बाळाराम देतोय?"

"वळच्या जमिनीचा एक तुकडा काढणार. मी जागा बघून आले. स्वच्छ हाय. लोक वाईट न्हायत." तिने पेला बाजूला सारला. "पन तिथं खूप शांत हाय काका. शांत झालं की बाबा उठतात, तुमाला म्हाईत हाय. दाराला कुलूप हाय. मी त्यांना इचारलं, माणूस लय उठायला लागला तर काय करता? ते म्हणाले, मग थोडा वेळ बांधतो."

सीताने चुलीवरचा तवा उतरवला. ती स्वयंपाक अर्धा सोडते म्हणजे प्रकरण गंभीर.

"मी येतो," मी म्हणालो. "पण पाना मालकाच्या हातचा घेईन. तुमच्या नाही, बाळारामच्या नाही."

"अवो, कालपासून तुमचं नावसुद्धा न्हाय घेतलं त्यांनी. ओळखलंच न्हाय तर?"

"मग नवीन जॉबर म्हणून लागेन."

भारती उठली. मग म्हणाली, "तुमी आनि बाबा, दोघंही सारखेच." हे तिने कौतुकाने म्हटलं की कसं, मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी धुतलेला शर्ट घालून गेलो. शेडमध्ये इसरारने चालणारे लूम चालू ठेवले होते. केबिनमध्ये शेठ खुर्चीवर होते. बाळाराम मागे स्टुलावर, हातात कर्जतचा फॉर्म. पाना टेबलावर तसाच पडलेला.

"राम राम शेठ. जॉबरची जागा आहे असं कळलं."

शेठनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ओळखलं नाही. एकतीस वर्षं गेली होती कुठंतरी, त्या आगाऊ पैशांसारखी.

"वय झालंय तुझं."

"हाताचं नाही झालं."

"ऐक," शेठ म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं. "किती चालू हायत?"

"दोन."

"आजारी कुठला?"

"चार नंबर. धोटा खडखडतोय. एक स्क्रू उचललाय."

शेठनी मान हलवली. मग पुढे वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "आधीचा जॉबर मी काढला."

माणूस विसरले होते. चूक विसरले नव्हते.

"का काढला शेठ?"

"तीन नंबरचा पट्टा ढिला. सांगून सांगून थकलो. चहा पीत बसला असणार. जॉबर दुसरं करतो काय? तू ओळखतोस त्याला?"

"ओळखतो."

"कसा होता?"

"हात चांगला होता."

"आन?"

"अकड होती."

"ते जाऊ दे. पट्टा ढिला होता का न्हवता, तेवढं सांग. तो म्हणाला, माझ्या कानाचा दोष."

बाळाराम फॉर्मवरून मान वर काढून बघत होता. दारात भारती. शेडमध्ये इसरारने लूम थांबवून कान लावला होता, हे मला आवाजावरून कळलं. आठ दिवस मी सगळ्या टेमघरला सांगितलं होतं की टेप बिघडलेला होता. आणि आता शांत झालं म्हणून शेठचे हात खुर्चीच्या दांड्यावर आले होते, उठायला.

"ढिला होता शेठ," मी म्हणालो. "चहा आला म्हणून त्याने तसाच ठेवला. कान तुमचा बरोबर होता."

शेठ मागे टेकले.

"खरं बोलतोस. महिना दोनशे दहा. दिवाळीला एक ताका. पटत असंल तर घे."

त्यांनी पाना उचलून पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतला. पहिल्यांदा लागलो तेव्हाही पगार दोनशे दहाच होता. तेव्हा मला तो भरपूर वाटला होता.

चार नंबरचा स्क्रू आवळून मी चारही लूम दुपारपर्यंत चालू केले. मग टेप मध्ये ठेवून, चहा परत पाठवून, नवीन कॅसेट भरली. दोन्ही बाजू. लाइट गेल्यावर लावली. शेठ ऐकत बसले आणि बसल्या बसल्या झोपले. बाळारामने कर्जतचा फॉर्म घडी करून खिशात घातला. फाडला नाही. त्याचे पन्नास रुपये पडले होते.

महिना भरला. बाळारामने पाकीट दिलं. मला हाताला पातळ लागलं. उघडलं तर शंभराच्या दोन नोटा आणि एक दहाची.

"हे काय रे?"

"पगार."

"साडेचार हजार ठरले होते."

"ते मी ठरवले होते काका. मी कोण? मालकाने काढलं म्हणजे काढलं, असं तुम्हीच म्हणालात ना? मग मालकाने ठरवलं म्हणजे ठरवलं."

तो गंमत करत असेल. मी रागावलो असतो, भांडलो असतो, तर त्याने बाकीचे पैसे काढून दिलेही असते. दुसऱ्या खिशात दुसरं पाकीट होतं की काय, देव जाणे. पण मागायचं म्हणजे मालकाचा शब्द खोटा म्हणायचा. मी पाकीट खिशात घातलं आणि घरी आलो. सीताने नोटा मोजल्या. तीनच असल्यामुळे वेळ लागला नाही. त्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, जाताना रिक्षा न्हाय करत तुमी. तोट्यात गेला असता."

असे मी पंधरा महिने दोनशे दहावर काम केलं. भारतीने दोनदा वरचे पैसे द्यायचा प्रयत्न केला, मी घेतले नाहीत. पुढे शेठ अंथरुणाला लागले आणि आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेले. कुणी बांधलं नाही. शेवटच्या दिवसांत भारती खाटेशेजारी टेप लावून ठेवायची.

तेरावं झाल्यावर बाळारामने मला कागद दाखवला. आजाराचा सगळा खर्च लिहिलेला. म्हणाला, "काका, बघा, बाकी सगळं वाढत गेलं. खाली आला तो फक्त तुमचा पगार." खरंच होतं. आणि भारतीचं नाव तर त्या कागदावर अजूनही नव्हतं. तेव्हा मी त्याला सांगितलं, तेच इथं सांगतो. म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचा खर्च कागदावर कमी दिसला, तर तो कमी झालेला नसतो. कुणीतरी फुकट राबत असतं, एवढंच. बाळारामने ते ऐकलं आणि भारतीचं नाव कागदाच्या खाली लिहिलं. पुढे आकडा काय टाकावा ते त्याला कळेना. तो कागद तसाच आहे.

दिवाळीचा ताका मात्र मला मिळाला. मध्ये आलेल्या एका दिवाळीला शेठनी आठवणीने बोलावलं. समोर चार ताके होते. एकेकावर त्यांनी हात फिरवला आणि तिसऱ्यावर थांबले. त्यात तुटलेल्या धाग्याची रेघ होती, दीड हात लांब.

"हा तुझा," म्हणाले. "खराब हाय. विकला जायचा न्हाय."

त्याची आम्ही पांघरुणं केली. रेघ माझ्या बाजूला येते. सीताने मुद्दामच तशी शिवली आहे.

बाकी धंद्यातल्या लोकांना माझं सांगणं एवढंच. लूमचा आवाज टेप करायची वेळ आली, तर आधी पट्टे आवळा. चहा काय, नंतरही मिळतो.